शिखरावरचे नऊ पत्रे

भटवाडी, घाटकोपर
६ जानेवारी २०२५

चि. पूर्वी,

रतन खाली टेम्पो उभा करून चहाला गेला आहे. तो येईपर्यंत होईल तेवढे लिहितो. फोनवर तू बोलतेस ते निम्मे मला ऐकू येत नाही आणि उरलेले मी चुकीचे ऐकतो. गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटाने कान खाल्ले ते खाल्लेच. रतन रोज सकाळी मनोरीहून इकडे मासळी घेऊन येतो आणि परत जाताना टेम्पो रिकामाच असतो. तेव्हा ज्या टेम्पोतून तुझ्या शिल्पाचे पत्रे येतील त्यातूनच माझी चिठ्ठीही येत जाईल. तूही तसेच कर. मासळीचा वास येईल, त्याला इलाज नाही.

पहिले चाळीस पत्रे पाठवतो आहे. साकीनाक्याहून कापून आले तेव्हा कडांना ब्लेडसारखी धार होती. कानस मारून धार मोडली, खुणेवर भोके पाडली. दोन पत्र्यांच्या मध्ये वर्तमानपत्र घातले आहे. काढताना एकावर एक घासू नकोस, ॲल्युमिनियमवर ओरखडा लगेच उठतो. रतनलाही दोनदा सांगितले आहे. तो म्हणाला, "बाबा, पापलेटला पण एवढं कोन जपत नाय."

आता एक विचारतो, रागावू नकोस. चाळीसच्या चाळीस पत्र्यांत एकासारखा दुसरा नाही. आधी एकावर एक ठेवून पाहिले, मग पट्टीने मोजले. पुढचा प्रत्येक मागच्यापेक्षा उंच, सुरुवातीला तीन मिलिमीटरने, मग वाढत वाढत सातने. गिरणीतला माझा सोबती मार्तंड रोजच्यासारखा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "रामनाथा, असो माल गिरणीत काढलो असतो तर जॉबरान आपल्याक गेटाभायर काढलो असतो." मी हसलो, पण मनातून घाबरलो. तुझ्या कागदावर असेच आहे ना? मी सातवी शिकलेला फिटर. सेहेचाळीस वर्षे शंभर नग सारखे करण्यात गेली. कापणाऱ्याची चूक असेल तर आत्ताच कळव. माझ्या बहिणीला, म्हणजे तुझ्या आजीला, मी शब्द दिला आहे की तुझ्या कामाला माझ्या हातून धक्का लागणार नाही.

वेळेवर जेवत जा. एकटी राहतेस, कडी नीट लाव.

तुझा मामाआजोबा
रामनाथ

*

मनोरी
९ जानेवारी

मामाआजोबा, नमस्कार.

पत्रे मिळाले. कडा इतक्या सुंदर झाल्यात की मी गालाला लावून पाहिल्या. मार्तंडआजोबांना सांगा, ती चूक नाहीए, तेच तर काम आहे.

सांगते. मी आकार काढत नाही, मी नियम लिहिते. कॉम्प्युटरला सांगायचं की दोनशे चाळीस पत्रे गोल रिंगणात उभे आहेत, एका बाजूला सगळ्यात ठेंगणा, समोरच्या बाजूला सगळ्यात उंच, आणि मध्ये चढ-उतार असा हवा की कुठेच झटका बसू नये. मग प्रत्येक पत्र्याची उंची तोच काढून देतो. मी एक आकडा हलवला की दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस पत्रे हलतात. याला पॅरामेट्रिक म्हणतात, पण आपण आपलं नियमाचं शिल्प म्हणू. सगळे उभे राहिले की वरून एक पितळेची पट्टी पूर्ण गोल फिरणार. ती प्रत्येक पत्र्यावर टेकली पाहिजे. टेकली तर नियम खरा.

मुलुंडच्या त्या नव्या कलादालनाच्या अंगणात तेवीस फेब्रुवारीला उद्घाटन आहे. आजवर मी टेबलावर मावतील अशीच कामं केली. उघड्यावर, लोकांनी भोवती फिरावं असं हे पहिलंच. फसलं तर पुन्हा कोणी मला अंगण देणार नाही. म्हणून तुमच्याकडे आले.

पुढच्या लॉटला घाई नको. पत्रे हाताखालून घालून सगळे नीट सारखे करून ठेवा. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे.

कडी लावते. जेवते पण.

पूर्वी

*

भटवाडी
२१ जानेवारी

चि. पूर्वी,

तुझे पत्र मी चार वेळा वाचले आणि एकदा मार्तंडला वाचून दाखवले. तो म्हणाला, "म्हंजे मोल्ड नाय, डाय नाय, नुसतो नियम?" मी म्हटले, होय. तो म्हणाला, "मगे तेका धरतत खंय?" नियम हातात धरायचा कुठे, हे मलाही बघायचे होते.

म्हणून आम्ही एक उद्योग केला, तुला न विचारता. दुसऱ्या लॉटचे चाळीस पत्रे तुझ्याकडे पाठवण्याआधी चाळीच्या गल्लीत विटांच्या आधाराने क्रमाने उभे केले. सकाळचे ऊन गल्लीत अर्धा तासच येते. ते आले आणि पूर्वी, मी फार वर्षांत असे काही पाहिले नाही. पत्रे उभेच होते, पण मी चाललो की उजेड त्यांच्यातून चालायचा. मी थांबलो की तो थांबायचा. एक एक पत्रा म्हणजे काहीच नाही, डब्याच्या झाकणाचा असतो तसा. चाळीस मिळून मात्र जिवंत वस्तू. नळावरच्या बायका हंडे ठेवून बघत राहिल्या. मार्तंड तंबाखू मळायचे विसरला. त्याच्या बाबतीत हे पहिल्यांदाच झाले. मला भीती एवढीच होती की कुणाचा तरी पाय लागेल, म्हणून ऊन जायच्या आतच सगळे उचलले.

आज तिसरा लॉट पाठवतो आहे, ऐंशीच्या पुढचे एकशे वीसपर्यंत. यातल्या एकशे एक ते एकशे नऊ या पत्र्यांनी फार वेळ घेतला, पण तू लिहिलेस तसे सारखे केले. कापणाऱ्याला काही बोलू नकोस. हात कधीतरी सगळ्यांचाच हलतो.

पत्र्यांच्या कडेला लहान मुले बोटे घालतील का? याचा विचार केला आहेस का? मला रात्रंदिवस तेच दिसते.

मामाआजोबा

*

मनोरी
३ फेब्रुवारी

मामाआजोबा,

तुम्ही पाठवलेले सगळे दोनशे चाळीस पत्रे काल इथे माझ्या अंगणात उभे केले. वाट लागली आहे.

पट्टी चढावर टेकते, उतारावर टेकते, खालच्या बाजूला टेकते. फक्त शिखरावर टेकत नाही. नऊ पत्र्यांवर, एकशे एक ते एकशे नऊ, तिच्या खालून उजेड दिसतो. मध्ये सगळ्यात जास्त, दीड मिलिमीटरच्या आसपास. तुम्हाला वाटेल दीड मिलिमीटर काय एवढं. पण डोळा बरोबर तिथेच जाऊन अडकतो. एवढी चढत आलेली लाट वर जाऊन मेल्यासारखी सपाट होते.

मोजणी ठेंगण्याच्या जरा पुढून सुरू होते, म्हणून शिखर एकशे पाचवर येतं. नियम बदलतो तो नेमका तिथेच, चढाचा उतार होतो. म्हणजे मीच तिथे काहीतरी चुकवलंय. दोनदा पहिल्यापासून लिहून काढलं, चूक सापडत नाही. आजीला यातलं काही सांगू नका, ती लगेच बोरिवलीहून निघेल.

पूर्वी

*

भटवाडी
५ फेब्रुवारी

चि. पूर्वी,

पत्र पोचले. पितळेची पट्टी कुठून आणलीस? पितळ गुंडाळीतून सोडवले की त्यात वाक राहतो. पट्टीच वर उचलली जात असेल. दुसरी पट्टी लावून पाहा. समुद्राच्या हवेनेही धातू फुगतो असे म्हणतात, मला नक्की माहीत नाही.

मला दोन दिवस बरे नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. काही खाल्लेस का?

मामाआजोबा

*

मनोरी
७ फेब्रुवारी

मामाआजोबा,

बरं नाही म्हणजे काय होतंय? डॉक्टरकडे गेलात का?

दुसरी पट्टी लावली. तीच जागा, तोच उजेड. पट्टीचा दोष नाही. माझाच आहे.

मुलुंडला फोन करून सोमवारपर्यंत वेळ मागितलाय. सोमवारी बहुतेक नाही म्हणून सांगेन. खोटं काम अंगणात उभं करण्यापेक्षा ते बरं. इतकी वर्षं मला वाटायचं की आकडे मला कळतात. बाकी काही येत नसलं तरी एवढं येतं. मला बहुतेक ते येतच नाही. नुसतं गोड दिसतंय म्हणून लोक बरं म्हणत होते.

तब्येत जपा.

पूर्वी

*

भटवाडी
८ फेब्रुवारी

चि. पूर्वी,

सोमवारी मुलुंडला नाही म्हणू नकोस. हे पत्र संपेपर्यंत तरी कुणाला काही सांगू नकोस. रतनला थांबवून ठेवले आहे. तो कुरकुरतो आहे, कुरकुरू दे.

तुझा नियम बरोबर आहे. चूक माझी आहे.

तिसरा लॉट आला तेव्हा नेहमीप्रमाणे मी पत्रे मोजले. सगळीकडे तीन, पाच, सात मिलिमीटरचा फरक, तो मला आता ओळखीचा झाला होता. पण शंभराकडे येता येता फरक कमी कमी होत गेला आणि या नऊ पत्र्यांत तर एका मिलिमीटरचाही उरला नाही. एक अमक्या मापाचा, दुसरा त्याहून केसभर जास्त, तिसरा आणखी केसभर. मला वाटले, हे नऊ पत्रे एकाच मापाचे असायला हवे होते आणि कापणाऱ्याने गचाळपणा केला. आयुष्यभर असाच माल माझ्यापुढे आला. मी नऊ पत्रे एकत्र शिकंज्यात धरले आणि सगळ्यात ठेंगण्यालाही कानस लागून सगळे एका पातळीत येईपर्यंत घासले. दोन दिवस लागले. तळहाताला फोड आला. काम झाल्यावर नवावर बोट फिरवले तर कुठेच लागत नव्हते. मी खूश झालो. मार्तंडला बोलावून दाखवले.

तीन तारखेचे तुझे पत्र वाचले आणि एकशे एक ते एकशे नऊ हे आकडे पाहिल्याबरोबर मला कळले. तरी पाच तारखेला मी पट्टीवर ढकलले. आजारी वगैरे काही नव्हतो. सेहेचाळीस वर्षांत माझा एक नग कुणी परत पाठवला नाही, आणि तुझ्या कामात असे व्हावे, हे लिहायला हात उचलेना. वाटले, पट्टी दुसरी लावेल, काहीतरी जमवून घेईल, आणि कुणाला कळणार नाही.

काल तू लिहिलेस की मला हे येतच नाही. ते वाचल्यावर जेवण गेले नाही. एवढ्याशा लबाडीने मी तुझे काय काढून घेत होतो ते मला तेव्हा दिसले.

तुझ्या पत्रात सारखे करून ठेवा असे लिहिले होते खरे. ते पत्र पुढे करून मी सुटणार नाही. शंका आली होती तर विचारायला हवे होते. रतन रोज येतो.

दुसऱ्या कुणाकडून ते नऊ पत्रे करून घे. माझ्याकडून करून घ्यायची तुला इच्छा नसेल तर मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण ते तू मनावर घेऊ नकोस.

रामनाथ

*

मनोरी
९ फेब्रुवारी

मामाआजोबा,

आधी मी भयंकर चिडले. सहा दिवस मी जमिनीवर बसून आकडे तपासतेय आणि तुम्ही मला सांगताय पितळ फुगतं. हे तुम्हाला एकदा सांगायचं होतं, सांगितलं. संपलं.

मग किनाऱ्यावर चक्कर मारून आले आणि मग हसायला लागले. सारखे करून ठेवा. मामाआजोबा, हे मीच लिहिलंय. माझ्या डोक्यात होतं की नीटनेटके करा, धार मोडा, पुसा. आजी मला चादर सारखी कर म्हणते तेव्हा मी काय चादर कापायला घेते? पण मी आजीला लिहीत नव्हते, फिटरला लिहीत होते. फिटरला सारखं कर म्हटलं तर तो सारखं करणारच. आणि तुम्ही एकवीस तारखेच्या पत्रात सरळ लिहिलंही होतंत. मी गल्लीतल्या उन्हाचं तेवढं वाचलं आणि पुढचं नुसतं चाळलं.

आता काम. साकीनाक्याचं मशीन दुरुस्तीत आहे, वीस तारखेच्या आत कापून मिळणार नाही. म्हणून तुम्हीच करायचे. हातानं. रतनबरोबर त्याच जातीचा कोरा पत्रा पाठवतेय, आणि जुन्यातला एक नमुन्याला. बाकी सगळं त्याच्यासारखंच, फक्त उंची बदलते. मिलिमीटरमध्ये लिहिते, दशांशापर्यंत:

एकशे एक ९५३.४, एकशे दोन ९५४.१, एकशे तीन ९५४.६, एकशे चार ९५४.९, एकशे पाच ९५५.०, एकशे सहा ९५४.९, एकशे सात ९५४.६, एकशे आठ ९५४.१, एकशे नऊ ९५३.४.

जमेल का? नाही म्हणालात तरी चालेल. पण तुम्ही नाही म्हणू नका.

मुलुंडला हो सांगितलं.

पूर्वी

*

भटवाडी
१६ फेब्रुवारी

चि. पूर्वी,

नऊ पत्रे पाठवले आहेत. प्रत्येक वेगळ्या कापडात आहे, नंबर आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिला आहे. लावून झाल्यावर पुसून टाक.

कसे केले ते सांगतो, म्हणजे तुझी खात्री पटेल. भिंतीला एक जाड लोखंडी ठोकळा पक्का केला आणि प्रत्येक पत्रा त्याला टेकवून मोजला. उंचीला पोलादी पट्टी, फरकाला व्हर्नियर. दुपारी पत्रा तापतो, म्हणून मोजमाप सकाळीच. एकशे तीन नंबर कानसेच्या एका जास्तीच्या हाताने गेला, तो टाकून पुन्हा केला. कोरा पत्रा पुरला, काळजी करू नकोस. मीच फार केली.

चौथ्या दिवशी एक गोष्ट झाली. तू दिलेले आकडे मी भिंतीवर खडूने लिहिले होते. कानस मारताना किती काढायचे ते कळावे म्हणून शेजारी नुसते फरक लिहिले. सात दशांश. मग पाच. मग तीन. मग एक. मग मधला, आणि तिथून एक, तीन, पाच, सात. मी कानस खाली ठेवली. मार्तंडला म्हटले, हे बघ.  मग त्याने खिशातली चुन्याची डबी काढली, वर फेकली आणि झेलली. म्हणाला, "ही अशी. वर जाताना दमता, जरा थांबता, मगे खाली येता."

पूर्वी, वर फेकलेल्या डबीला हे आकडे कुणी सांगितले? मला सातवीच्या पुढे कुणी काही शिकवले नाही, तू हसशील. पण माझ्या भिंतीवर खडूने तेच लिहिलेले होते. खालून साडेपाचशे मिलिमीटर चढून आलेली वस्तू शेवटच्या दीड मिलिमीटरमध्ये वळते. तिचे सगळे वळणे त्या नऊ पत्र्यांत आहे, आणि मी तेच कानसून टाकले होते.  तरी वाईट वाटत नव्हते, ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तुझा निरोप आला नाही तर मी उद्घाटनाला येणार नाही. पट्टी टेकली तरच बोलाव.

मामाआजोबा

*

मनोरी
२४ फेब्रुवारी

मामाआजोबा,

तुम्ही काल कुठे गायब झालात?

पट्टी टेकली म्हणून मी बोलावलं. तुम्ही आलात, बाबांबरोबर दारातून आत येताना मी स्वतः पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट. आजी खुर्चीवर पहिल्या रांगेत होती. मी भाषणात तुमचं नाव घेतलं, सांगितलं की शिखर माझ्या मामाआजोबांनी हाताने केलंय, सगळे वळून बघायला लागले आणि तुम्ही नाहीच. बाबा शोधत फिरले. आजी म्हणाली, "असाच आहे तो, लाजून पळाला असणार." नंतर कळलं की तुम्ही काही न खाता रिक्षा करून निघून गेलात.

मी तेव्हा जे चिडून लिहिलं त्याचा राग आहे का अजून? की चारचौघांत नाव घेतलेलं आवडलं नाही? खरं सांगा. मला कालपासून चैन नाही.

पूर्वी

*

भटवाडी
२७ फेब्रुवारी

चि. पूर्वी,

राग कसला? तू नाव घेतलेस हे मला तुझ्या पत्रातून कळले. मला काही ऐकू आले नव्हते. तुम्ही सगळे माणसांच्या बाजूला होता आणि मी मागच्या बाजूला होतो.

आत आलो तेव्हा वाटले, आधी एकदा लांबून पाहू. ऊन तिरपे झाले होते. पितळेची पट्टी पेटल्यासारखी दिसत होती. मी चालायला लागलो आणि ते सगळे माझ्याबरोबर चालायला लागले. दोनशे चाळीस पत्रे, एकही हलत नव्हता, आणि लाट माझ्या पुढे पुढे जात होती. एका बाईच्या कडेवरचे मूल हात पुढे करत होते. मी घाबरलो, म्हणून आधी जाऊन पत्र्याच्या कडेवर स्वतःचे बोट फिरवून पाहिले. कापत नाही. मग मूलही फिरवून गेले.

मग मी माझे नऊ पत्रे शोधायला लागलो. शिखरापाशी गेलो. खिशातून विड्यांच्या बंडलाचा पातळ कागद आणला होता, तो पट्टीखाली घालून पाहिला. कुठेच शिरला नाही. म्हणजे काम बरोबर. पण कुठला पत्रा माझा आणि कुठला मशीनचा, ते कळेना. कानसेचा हात मी कुठेही ओळखतो, माझा तर डोळे मिटून. वाकून पाहिले, बाजूने पाहिले. नंबर तू पुसून टाकले होतेस, मीच सांगितले होते. मग ठेंगण्या पत्र्यापासून मोजत निघालो. साठ-सत्तरपर्यंत आलो की उजेड हलायचा, मी बघत राहायचो आणि आकडा चुकायचा. पुन्हा मागे जायचो. असे तीनदा केले. तेवढ्यात भाषण झाले असेल.

चौथ्यांदा मोजलेच नाही. मला भूकही राहिली नव्हती आणि कुणाशी बोलावेसेही वाटत नव्हते, म्हणून निघालो. रिक्षात मार्तंडला काय सांगायचे याचा विचार करत होतो. घरी आल्यावर त्याने विचारलेच, "तुझे खंयचे?"

मी म्हटले, सापडले नाहीत.

मामाआजोबा